पितृपक्षात विकलेले तीनशे शेअर

आमचे जावई नागपूरला राहतात आणि त्यांचा जीव शेअरच्या भावांत अडकलेला असतो. गेल्या उन्हाळ्यात सकाळी सातला त्यांचा फोन आला. "बाबा, एका कंपनीच्या मोठ्या साहेबानं स्वतःचे शेअर विकलेत. पेपरात आलंय. मी पण काढून टाकू का?"

मी विचारलं, "साहेबाची मुलगी लग्नाची आहे का?"

त्यांनी विषय बदलून माझ्या तब्येतीची चौकशी केली. सासऱ्याचं वय झालं, असं त्यांना वाटलं असणार. वय झालंच आहे, ऐंशी ओलांडली. पण मी थट्टा करत नव्हतो. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षापासून पुढं तेरा वर्षं मी गोंदियातल्या एका राइस मिलच्या कचेरीत शेअरच्या टेबलावर बसलो आणि साहेब लोकांनी घेतलेला, विकलेला प्रत्येक शेअर स्वतःच्या हातानं पुस्तकात चढवला. त्यातून जे काही शिकलो, त्यात हा प्रश्न पहिला आहे. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" म्हटलं आहे, तर जावयांना फोनवर सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. आमची मिल लिमिटेड कंपनी होती. म्हणजे तिचे दहा दहा रुपयांचे तुकडे केलेले होते आणि ज्यानं पैसे भरले तो तेवढ्या तुकड्यांचा मालक. मिल उभी राहिली तेव्हा शेठजींनी बैलगाडीतून गावोगाव फिरून शेअर खपवले होते. त्यामुळं आमचे भागीदार मुंबईचे कापडवाले नव्हते, धानवाले होते. आमगाव, सालेकसा, सौंदडकडचे शेतकरी, चार मास्तर, दोन पोस्टमास्तर आणि स्टेशनाबाहेरचा एक पानवाला. शेअरबाजार गोंदियात नव्हता. त्या पानवाल्याची टपरी हाच बाजार. भाव तिथं ठरायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं गावोगाव जायचा.

माझं काम सोपं होतं. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ट्रान्सफरच्या कागदावर सह्या करायच्या, साक्षीदारानं तिसरी करायची, तो कागद आणि शेअरचं सर्टिफिकेट माझ्याकडं यायचं. मी सह्या ताडून बघायचो, डायरेक्टरांच्या बैठकीत मंजुरी झाली की मोठ्या रजिस्टरात जुन्याचं नाव कमी करून नव्याचं लावायचो. नाव, धंदा, पत्ता, किती शेअर. चार रकाने. त्यात रस घेण्यासारखं काही नाही असं मला पहिली दोन वर्षं वाटलं.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. आमच्या सर्टिफिकेटांवर हळदीची बोटं असायची. लक्ष्मीपूजनाला खेड्यातले लोक पाटावर दागिने मांडतात तसा हा कागदही मांडायचे आणि त्याला हळदकुंकू लावायचे. नियमाप्रमाणे खराब झालेलं सर्टिफिकेट चालत नाही. नागपूरहून तपासनीस आला तेव्हा त्यानं विचारलं, हे पिवळे डाग कसले? मी म्हटलं, "साहेब, ही लक्ष्मी आहे, डाग म्हणू नका." तो कोकणातला भला माणूस होता. हसला आणि पुढं गेला.

आता पहिली चूक सांगतो. ती माझी आहे.

आमच्या मॅनेजरसाहेबांनी एका फाल्गुनात स्वतःचे चाळीस शेअर विकले. कागद माझ्याकडं आला आणि संध्याकाळपर्यंत टपरीवर बातमी पोचली. कोणी पोचवली ते मला कधी कळलं नाही. मॅनेजरच बाहेर पडतो म्हणजे मिल बुडते, असा साधा हिशोब लोकांनी केला. आठवड्यात भाव पार कोसळला. सौंदडच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांनी पै पै जमवून घेतलेले सगळे शेअर मिळेल त्या भावानं फुंकून टाकले. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी विचारलं होतं, "बाबू, काही कमजास्त आहे का?" मी म्हटलं, "मास्तर, मला बोलता येत नाही." अगदी कर्तव्यदक्ष चेहऱ्यानं म्हटलं.

मॅनेजरसाहेबांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. त्याची पत्रिका माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेली होती.

दोन वर्षांनी सौंदडच्या स्टेशनावर मास्तर भेटले. मिल तोवर छान चालली होती, भाव दुप्पट झाला होता. त्यांनी मला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, कंपनीच्या गोष्टी तुमी सांगू नये, पटते मले. पन लग्नाची पत्रिका दाखवाले कोनता कायदा आडवा येत होता?"   गुपित आणि गावभर वाटलेली पत्रिका यांतला फरक मला कळला नाही, आणि माझ्या त्या अकलेची किंमत मास्तरांनी दिली. मास्तरांनी पुन्हा शेअर घेतले नाहीत.

तेव्हापासून मी टेबलावर पंचांग ठेवू लागलो. साहेबानं विकलं की आधी महिना बघायचा. फाल्गुन ते ज्येष्ठ असेल तर घरात लग्न आहे का ते विचारायचं. मग किती विकले यापेक्षा किती ठेवले ते बघायचं. मॅनेजरसाहेबांनी चाळीस विकले आणि चारशे ठेवले होते. सगळा गाव चाळीसकडं बघत बसला.

आणि साहेबानं घेतले म्हणजे आनंदीआनंद, असंही नाही. एक वकीलसाहेब होते. त्यांनी एका दिवाळीला पन्नास शेअर घेतले आणि टपरीवर पेढे वाटले. वकिलासारखा हुशार माणूस घेतो म्हणजे आतली खबर आहे, असं म्हणून पानवाल्यानं स्वतः घेतले, गिऱ्हाइकांना घ्यायला लावले. भाव चढला आणि पुढच्या महिन्यात होता तिथं आला. वकीलसाहेबांना डायरेक्टर व्हायचं होतं आणि आमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे डायरेक्टर व्हायला पन्नास शेअर नावावर लागायचे. त्यांनी शेअर घेतले नव्हते, खुर्ची घेतली होती. पानवाला त्यांच्याकडून पुढं कायम रोखीनंच पैसे घ्यायचा.

हे झाले किरकोळ किस्से. ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते आता येतं.

छप्पन साली नवा कंपनी कायदा आला. त्यानं माझ्या टेबलावर एक नवं पुस्तक आलं, डायरेक्टरांच्या शेअरचं. डायरेक्टरानं किती घेतले, किती विकले, कोणत्या तारखेला, काय भावानं, हे सगळं त्यात लिहायचं आणि वार्षिक सभेच्या आधी चौदा दिवसांपासून ते कोणत्याही भागीदाराला मागितलं की दाखवायचं. मोठं रजिस्टर तर भागीदाराला एरवीही बघता येत होतं. पण ते बघायला कोणी येत नसे. पुस्तकं इंग्रजीत आणि शेअरवाले बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात.

त्यानंतरच्याच एका वर्षी ऐन श्रावणात मिलचा बॉयलर बंद पडला. आमच्याकडं उसना तांदूळ निघायचा, म्हणजे धान आधी वाफेवर उकडायचं. बॉयलर नाही तर मिल नाही. दोन महिने भोंगा वाजला नाही. भाव उतरू लागला आणि आमगावचा एक अडत्या गावोगाव फिरून शेअर गोळा करू लागला. त्यानं आणलेले कागद माझ्याकडं येत. रोज दोन, रोज चार, सगळ्यांवर हळदीची बोटं. एवढ्या घरांतून लक्ष्मी उठून चालली होती आणि मी सह्या ताडून बघत होतो. 

आणि मग पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी शेठजींनी स्वतःचे तीनशे शेअर विकले.

शेठजी म्हणजे मिलचे कर्तेधर्ते, मॅनेजिंग डायरेक्टर. घरात बोलणं हिंदी, बाहेर बोलणं हिंदी, आकडे मात्र मनात कोणत्या भाषेत करायचे ते देव जाणे. माणूस मोठा धार्मिक. पितृपक्षात ते नवा झाडूसुद्धा घेत नसत, एकदा पेनातली निब मोडली तर पंधरा दिवस पेन्सिलीनं सह्या केल्या होत्या. आमच्या भागात सगळेच हे पाळतात. त्या पंधरवड्यात घेणं नाही, विकणं नाही, बोलणीसुद्धा नाहीत. अशा दिवसांत शेठजींनी तीनशे शेअर विकले, हे ऐकून टपरीवर लोकांनी पान खायचं थांबवलं म्हणतात. घर जळत असल्याशिवाय असला माणूस पितरांच्या दिवसांत विकणार नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. विकायला मात्र कोणी आलं नाही, कारण पितृपक्ष. सगळे घटस्थापनेची वाट बघत बसले. त्या दिवशी अडत्या रोख पैसे घेऊन आमगावच्या बाजारात बसणार होता.

अमावास्येला चार दिवस होते तेव्हा दुपारच्या गाडीनं तुळसाबाई आली. आमगावजवळच्या खेड्यातली, पोवार, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. नवऱ्यानं मिलच्या सुरुवातीला बैलजोडी विकून साठ शेअर घेतले होते. दर दिवाळीला लाभांश न्यायला ती टपालाची वाट न बघता स्वतः यायची, म्हणून ओळख होती. घरी पोवारी बोलायची, माझ्याशी आमच्या झाडीपट्टीची मराठी, जिच्यात बायाही 'येतो, जातो' म्हणतात. कपड्यात बांधलेली सर्टिफिकेटं तिनं टेबलावर ठेवली. दहा दिवाळ्यांची हळद होती त्यांवर.

"बाबू, शेठनं शेअर इकले म्हनते. खरं आहे का?"

"खरं आहे."

"मंग मीबी देऊन टाकतो अडत्याले घटाच्या दिवशी. अर्ध्या भावानं मांगून राहिला तो. पोरीले भंडाऱ्याले जागा भेटली, मास्तरीन व्हायच्या शाळेत. दोन वर्सं शिकाचं आहे. हे इकले तर एक वरीस निघते." तिनं कागदांवर हात ठेवला. "नाही इकले अन् मिल बुडली, तर एकबी नाही निघत."

पोरीचं नाव सुभद्रा. मॅट्रिक झालेली, त्यांच्या गावातली पहिली मुलगी. तुळसाबाईपुढं प्रश्न एवढाच होता. अर्धं शिक्षण नक्की, की पूर्ण शिक्षण नाहीतर काहीच नाही.

माझं तोंड पुन्हा शिवलं गेलं. मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे नव्या बॉयलरची ऑर्डर गेलेली होती, रेल्वेच्या वाघिणीसाठी शेठजींनी लिहिलेलं पत्र टायपिस्टाला न देता मीच टाइप केलं होतं. ते घरचं गुपित होतं आणि मी ते सांगितलं नाही. तिथं मी चुकलो असं आजही मला वाटत नाही. मीठ ज्याचं खातो त्याच्या चुलीवर काय शिजतं ते रस्त्यावर सांगायचं नसतं. दुसरी गोष्ट मात्र पुस्तकात लिहिलेली होती.

मी काही बोलत नाही असं बघून तुळसाबाईनं वेगळाच प्रश्न केला. "तुमच्यापाशी किती शेअर आहेत, बाबू?"

"एकही नाही."

"एकबी नाही? दहा वर्सं झाले ना इथं बसून?"

"बाई, जो पुस्तक लिहितो त्यानं खेळू नये. लोकांना संशय येतो."

"असं," ती म्हणाली आणि कपड्याची गाठ बांधू लागली. "ज्याच्या हातात पुस्तक आहे तो घेत नाही. ज्याची मिल आहे तो इकून राहिला. मंग मीच एकटी कायले धरून बसू?"

आजवर मला नोकरीत पुष्कळांनी सुनावलं आहे, पण इतकं वर्मावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी स्वतःला फार स्वच्छ समजत होतो. माझ्या स्वच्छ हातांकडं बघून एक बाई आपल्या मुलीचं शिक्षण अर्ध्यावर सोडायला निघाली होती. मला सौंदडच्या स्टेशनावरचा चहा आठवला.

मी म्हटलं, "बाई, बसा. मी तुम्हाला सांगणार काहीच नाही. पण सभेला बारा दिवस आहेत, पुस्तक मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा."

"मले इंग्रजी कोठी येते?"

"मागा तर आधी. वाचून मी दाखवतो."

तिनं मागितलं. समोरच्या टेबलावरच्या टायपिस्टानं मान वर केली, हे मला दिसलं. कारकुनानं भागीदाराला पुस्तक वाचून दाखवावं की नाही, याबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हतं. म्हणजे दाखवावं असंही नव्हतं. मी दोन्ही पुस्तकं उघडली आणि शाळेतल्यासारखा मोठ्यानं वाचू लागलो. शेठजींनी विकलेले तीनशे. तारीख. भाव. मग मोठ्या रजिस्टरातलं पान, हे तीनशे ज्याच्या नावावर चढले तो माणूस. नाव, धंदा व्यापार, पत्ता.

"पुन्हा वाचा," तुळसाबाई म्हणाली.

मी पत्ता पुन्हा वाचला.

"हा तं शेठचा बंगला झाला."

"पत्ता तोच आहे. माणूस कोण ते पुस्तकात लिहिलेलं नाही." मला ठाऊक होतं. तो शेठजींचा सख्खा साळा, वर्षभर बंगल्यातच मुक्कामाला होता.

"अजून वाचा. तो अडत्या घेऊन राहिला, ते कोनाच्या नावावर गेले?"

मी पानं उलटली. दीडशे शेअर, धंदा मोटार ड्रायव्हर, पत्ता तोच. दोनशे शेअर, धंदा स्वयंपाकी, पत्ता तोच.

"सयपाक्यानं दोनशे घेतले?" तुळसाबाई पहिल्यांदाच हसली. "शेठ त्याले पगार तरी किती देते?"

लोक नाव दुसऱ्याचं देतात, पत्ता मात्र आपलाच देतात. कारण लाभांशाचं पाकीट टपालानं येतं आणि ते दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायचं धाडस कोणाला होत नाही. हा धडा मला त्या नोकरीत सगळ्यात उपयोगी पडला. जावयांनी नावांबरोबर पत्तेही वाचावेत.

तुळसाबाई पुस्तकाकडं बघत होती, जणू इंग्रजी अक्षरं तिच्याशी बोलणार होती. मग सावकाश म्हणाली, "या चुलीवरचा भाताचा गंज त्यानं त्या चुलीवर ठेवला. घर तेच आहे. हे इकनं नाहीच, बाबू. म्हनून तं त्याले पितरायचं भेव नाही वाटलं." आणि मग माझ्याकडं वळून, "अन् पितरायचे दिवस कायले धरले, समजलं का तुमाले? पंधरा दिवस कोनी घेत नाही, कोनी इकत नाही. निस्त्या गोष्टी करत बसतात. पंधरा दिवस भेव शिजते. अन् घटाच्या दिवशी सारे लाइन लावून देऊन टाकतात."

खरं सांगतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन महिने ती नावं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो, पत्ते एक आहेत हे बघून मनातल्या मनात हसतही होतो. पण हाच पंधरवडा का, हे एका न वाचता येणाऱ्या बाईनं दोन पानं ऐकून ओळखलं. मला थोडी लाज वाटली आणि खूप आनंद झाला.

"मग काय करता?" मी विचारलं.

"सभेले येतो," ती म्हणाली आणि कपड्यात सर्टिफिकेटं बांधून स्टेशनाकडं निघाली.

घटस्थापनेला अडत्या आमगावात बसला. तुळसाबाई गेली नाही, आणि तिनं काय ऐकलं ते आजूबाजूच्या चार गावांना सांगून ठेवलं होतं. कितीजण गेले, कितीजण थांबले ते मला माहीत नाही. माझ्याकडं मात्र त्या आठवड्यात भीती होती त्याच्या पावभरही कागद आले नाहीत.

अष्टमीला मिलच्या रिकाम्या गोदामात सभा झाली. एरवी सभेला पंधरा माणसं यायची आणि चिवडा उरायचा. त्या दिवशी चिवडा पुरला नाही. तुळसाबाई सुभद्रेला घेऊन पुढच्या सतरंजीवर बसली होती. मी कोपऱ्यात दोन्ही पुस्तकं घेऊन बसलो होतो. अहवाल वाचून झाला, 'कोणाला काही विचारायचं आहे का' असं रीतीप्रमाणे म्हणून झालं, आणि ती उठली.

"शेठजी, तुमी पितरायच्या दिवसात तीनशे शेअर इकले. ते तुमच्याच घरी काऊन गेले?"

 शेठजींनी चष्मा काढला, पुसला. "माई, वो घर की बात है. घर में लेन-देन चलता रहता है."

"घरची गोष्ट घरी ठेवा ना, आमी कोठी इचारून राहिलो? आमाले एवढंच सांगा. घर जळून राहिलं, का तुमी नवं बांधून राहिले?"

मागून कोणीतरी "बराबर" म्हटलं. मग चारपाच जणांनी म्हटलं. वकीलसाहेब खुर्चीवर चुळबुळले. शेठजी तुळसाबाईकडं बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं असं मी म्हणेन. धंदेवाल्या माणसाला दुसरा धंदेवाला ओळखू येतो. ते म्हणाले, "माई, बॉयलर आ रहा है. नया. दिवाली के पहले भोंगा बजेगा." गोदामात एकच गलका झाला.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी बायकोला सांगूनच निघालो होतो की आज लवकर येईन आणि कदाचित कायमचा येईन.

"बाबू, रजिस्टर किसने दिखाया?"

"मैंने, शेठजी. कानून में लिखा है."

"और पढ़कर सुनाना? वो भी लिखा है?"

"बाई पढ़ नहीं सकती, शेठजी."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आज तुझे निकालूँ, तो कल पान की दुकान पर क्या बोलेंगे, मालूम है? जा. काम कर." मी काम केलं. शेठजींनी केलं ते कायद्यात बसत होतं की नाही हे वकील जाणोत. पण मिल त्यांनी पुढं नीट चालवली हेही लिहिलं पाहिजे, आणि त्यानंतर त्यांनी जे घेतलं, विकलं ते स्वतःच्या नावानं केलं. बॉयलर धनत्रयोदशीच्या आत आला. भोंगा वाजला तेव्हा टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आठ दिवसांत भाव पूर्ववत झाला. घटस्थापनेच्या आधी ज्यांनी हळदीचे कागद देऊन टाकले होते त्यांचं मात्र मला वाईट वाटतं. त्यांच्यासाठी मी तोंड उघडायला दोन महिने उशीर केला.

दिवाळीनंतर तुळसाबाई आली आणि तिनं साठातले दहा शेअर विकले. सुभद्रेच्या शाळेचा पहिला हप्ता त्यात निघत होता, पुढचे लाभांशावर. कागदावर अंगठा उठवता उठवता तिला काही सुचलं. "बाबू, आता टपरीवर म्हनतील, तुळसाबाईनं इकले, मिल बुडते."

म्हणतीलच, मी म्हटलं. सभेपासून तिच्या नावाला वजन आलं होतं.

"मंग हे दाखवा," म्हणून तिनं पदरातून शाळेचं पत्र काढलं, सुभद्रेला प्रवेश मिळाल्याचं. "इथंच ठेवा, काचेखाली. जो इचारते त्याले दाखवा."

ते पत्र महिनाभर माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. तिघे जण विचारायला आले. तिघांना मी ते वाचून दाखवलं, आणि दर वेळी सौंदडच्या मास्तरांची आठवण झाली. तिघेही शेअर न विकता परत गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, "पोरगी मास्तरीन होते म्हना," आणि माझ्या हातावर सुपारी ठेवली.

साठ साली शेअरचं काम नागपूरहून आलेल्या शिकल्यासवरल्या सेक्रेटरीकडं गेलं आणि मला धानखरेदीच्या खात्यावर घातलं. पुस्तकांच्या किल्ल्या मी सकाळी दिल्या. त्याच दुपारी बँकेतून पैसे काढून पाच शेअर घेतले. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या रजिस्टरात माझं नाव चढलं, आणि तेही दुसऱ्याच्या अक्षरात. अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं.

त्या वर्षीच्या सभेला तुळसाबाई आली. सुभद्रा बरोबर होती, आमगावच्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागून काही महिने झाले होते. तुळसाबाईनं नव्या सेक्रेटरीकडं मोठं रजिस्टर मागितलं, आणि आता वाचून दाखवायला कोणी लागत नव्हतं. सुभद्रा पानं उलटत होती, आई ऐकत होती. एका पानावर ती थांबली, मोठ्यानं माझं नाव वाचलं, धंदा नोकरी वाचलं. तुळसाबाईनं विचारलं, "पत्ता?"

सुभद्रेनं माझ्या घराचा पत्ता वाचला.

तुळसाबाईनं गोदामाच्या दुसऱ्या टोकाला मला शोधून काढलं आणि तिथूनच म्हणाली, "तीन वर्सं लागले तुमाले, बाबू. आता धरून बसतो मी."